आक्कांनी काय काय सोडलं

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मानसशास्त्र हा विषय मी घेतला तो काही आवड म्हणून नाही. अर्थशास्त्राच्या खिडकीवरची रांग फार लांब होती आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अकराच्या आत एका पंगतीच्या स्वयंपाकाला पोचायचं होतं. खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "मनोविज्ञान लिख दें?" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "लिख दीजिए," अप्पा म्हणाले. परत येताना त्यांनी विचारलं, "यात नेमकं काय शिकवतात गं?" मलाही ठाऊक नव्हतं.

त्याला आता तीस वर्षं होत आली. यातली पंचवीसएक वर्षं मी बनारसमध्येच समुपदेशनाचं काम करते आहे, दोन शाळांत आणि आठवड्यातून तीन दिवस एका दवाखान्यात. लोकांना वाटतं, मी समोरच्याचं मन वाचते. लग्नकार्यात बायका माझ्यापासून जरा जपून बोलतात. खरं सांगायचं तर माझं काम फार साधं आहे. समोरचा माणूस काय करतो ते पाहायचं, काय बोलतो ते ऐकायचं आणि त्याचा अर्थ लावायची घाई करायची नाही. यातलं शेवटचं सर्वांत अवघड आहे, अजूनही. ते मी ज्या प्रसंगातून शिकले, त्याबद्दल लिहिते. माझ्या हातून झालेली चूकही त्यातच आहे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात, आम्हाला एक केस स्टडी लिहायची होती. ओळखीतला एक माणूस निवडायचा, त्याचं वागणं दोन महिने पाहायचं आणि वहीत उतरवायचं. आमच्या मॅडम बोलायला मऊ आणि नंबर द्यायला कडक. त्यांनी फळ्यावर उभी रेघ मारली. "दो कॉलम बनाओ. इधर जो देखा, उधर जो सोचा. देखा हुआ पेन से, सोचा हुआ पेंसिल से."

कुणीतरी विचारलं, "पेंसिल से क्यों, मैडम?"

"क्योंकि मिटाना पड़ेगा," मॅडम म्हणाल्या.

मी आक्कांना निवडलं. आक्का मूळच्या मिरजेच्या. काशीवासाला म्हणून, म्हणजे शेवटचे दिवस काशीतच काढायचे म्हणून, सहा वर्षांपूर्वी आल्या होत्या आणि रामघाटाच्या वरच्या गल्लीत एका गुरुजींच्या घरी वरच्या खोलीत राहत होत्या. वय सत्तरीचं. त्यांचे डोळे अधू झाले होते, म्हणून दुपारी मी त्यांच्या पुतण्याला पोस्टकार्डं लिहून देत असे. जीभ मात्र चांगलीच धारदार. गल्लीतल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकावर त्यांचं मत असायचं. "तुझ्या आईच्या आमटीला रंग आहे, चव नाही," असं मला त्या खुशाल सांगायच्या आणि वर मूठभर फुटाणे हातावर ठेवायच्या. दातांचा त्यांना भारी अभिमान होता. "सत्तरी आली, पण बत्तीसच्या बत्तीस आहेत बघ," म्हणत फुटाणे कडाकडा चावून दाखवायच्या.

त्या हिवाळ्यात आक्का एकेक वस्तू सोडायला लागल्या.

काशीला आलं की आवडीची एखादी भाजी किंवा फळ कायमचं सोडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. यात्रेकरूसुद्धा कुणी वांगं सोडतं, कुणी फणस. त्यामुळे आक्कांनी अमरूद, म्हणजे पेरू, सोडलं असं कळलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. गुरुजींच्या पत्नी, त्यांना आम्ही सगळे काकू म्हणायचो, तिथल्या तिथे आक्कांच्या पाया पडल्या. "भर मोसमात सोडलंत आक्का, धन्य आहे तुमची!"

पुढच्या आठवड्यात फुटाणे सुटले. मग बाजरीची भाकरी. मग पोळी. मग बोलणंही सुटत गेलं. आक्का तोंडाला पदर लावून बसायच्या आणि मानेनं हो-नाही करायच्या. काकूंनी गल्लीत सांगितलं, आक्कांनी मौन धरलंय. शेजारपाजारच्या बायका दर्शनाला यायला लागल्या. आक्कांच्या खोलीबाहेर चपला दिसायला लागल्या, हे मी वहीत पेननं लिहिलं.

पौषात भातही गेला. पेज, दूध आणि केळं एवढंच उरलं. मग एक दिवस कुणीतरी बाई बोलून गेली, "आक्कांचं केळं तेवढं सुटत नाही हं." दुसऱ्या दिवसापासून केळं बंद झालं. आक्कांचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. एकदा जिन्यात बसल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांनी ठरवलंय. देह ठेवायचं ठरवलंय. आपण मधे पडायचं नाही."

मी त्यांच्या मधे पडले, आणि तेही अगदी वाईट तऱ्हेनं.

आमच्या पुस्तकात त्याच महिन्यात अवसादाचं, म्हणजे नैराश्याचं, प्रकरण झालं होतं. भूक कमी होणं, बोलणं कमी होणं, लोकांत न मिसळणं: आक्कांची सगळी लक्षणं तिथे छापलेली होती. मी पेन्सिलीच्या कॉलममध्ये 'अवसाद' लिहिलं आणि इतकी खात्री वाटली की तो शब्द पेननं गिरवला. मग धीर करून काकूंकडे गेले. त्या गव्हल्या करत बसल्या होत्या.

"काकू, आक्कांचं हे व्रत नाहीये. त्यांना मानसिक आजार झालाय. पुस्तकात आहे तसा."

काकूंचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"म्हणजे... मनाचा आजार. औषध असतं त्याला."

"नीले, दोन पुस्तकं काय वाचलीस, आक्कांना पागल ठरवायला निघालीस? एवढी तपस्या करतेय ती बाई! तुझ्या अप्पांनी याच्यासाठी पाठवलं का तुला कॉलेजात?" त्यांचा आवाज गल्लीत जाईल इतका चढला होता. "आणि आजपासून वर जायचं नाही. कार्डं लिहायला आमचे गुरुजी आहेत."

मी खाली मान घालून घरी आले. मला खूप लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. माझा शब्द चुकला असेल, पण आक्का मरत होत्या, हे चुकीचं नव्हतं. आता त्यांच्यापर्यंत जायची वाटही मी स्वतःच बंद केली होती.

त्या संध्याकाळी वही उघडी टाकून मी नुसती बसले होते. अप्पा कामावरून आले, हातपाय धुऊन जवळ बसले. अप्पा चौथीपर्यंत शिकलेले. यात्रेकरूंच्या श्राद्धाच्या, नवसाच्या पंगतींना स्वयंपाक करायचे. वाचायचे ते बोट फिरवत, ओठ हलवत. पेननं लिहिलेल्या कॉलमवरून त्यांचं बोट खाली खाली गेलं. अमरूद. फुटाणे. भाकरी. पोळी. भात.

"कुणाचं पथ्य लिहिलंयस?" त्यांनी विचारलं.

"पथ्य नाही अप्पा. आक्कांनी सोडलेल्या वस्तू आहेत."

"अशा ओळीनं सोडल्या?"

"हो. का?"

"काही नाही. आपल्याकडे पंगतीला बोळकं झालेली म्हातारी माणसं येतात ना, त्यांचं वाढप असंच असतं. आधी कडक काढायचं, मग चिवट, मग पेज." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "पण आक्कांचे तर दात चांगले आहेत."

मी दिव्याजवळ सरकले. वही पुन्हा उघडली आणि सुरुवातीपासून वाचली. केळ्याचं शिकरण आक्कांना जिवापलीकडे आवडायचं. आवडतं तेच सोडायचं, तर ते पहिलं जायला हवं होतं. ते लोकांनी टोकेपर्यंत राहिलं होतं. आणि एक गोष्ट मी तीन वेळा लिहूनही पाहिली नव्हती: 'तोंडावर पदर.' मला ते दुःख वाटलं होतं, काकूंना मौन.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मुगाचं कढण करून दिलं आणि स्वतः माझ्याबरोबर काकूंकडे आले. "पोरगी चुकली वहिनी," ते म्हणाले. "क्षमा मागायला आणलीय. एवढं कढण आक्कांना देऊन येऊ दे." काकूंनी माझ्याकडे न बघता जिन्याकडे हात केला.

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी भांडं ठेवलं. काय विचारायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. शेवटी म्हणाले, "आक्का, तोंडात काही दुखतंय का?"

मान हलली. नाही.

"मग दात?"

आक्कांनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी पदर खाली केला. आत एकही दात नव्हता. गाल आत गेलेले, ओठ आत वळलेले. माझ्या ओळखीचा चेहराच नव्हता तो.

"गंगेत गेली," त्या म्हणाल्या. दातांशिवाय त्यांचं बोलणं फुसफुसत येत होतं. "कवळी. कार्तिकात घाटावर चूळ भरताना काढून धूत होते. निसटली. पायरीवर दिसली, वाकले, तोवर गेली. लोक गंगेला सोनं-नाणं वाहतात. मी दात वाहिले."

"पण तुमचे बत्तीस..."

"मिरजेत करून घेतली होती. वीस वर्षं झाली. इथे कोण बघायला येणार होतं? म्हणून सांगत सुटले, आपले आहेत म्हणून." त्यांनी भांडं जवळ ओढलं. "त्या दिवशी हिनं अमरूद कापून आणलं. चावणार कसं? म्हटलं, सोडलंय. तर ही पाया पडली! सहा वर्षांत माझ्या कुणी पाया पडलं नव्हतं गं. मग भाकरी आणली. आता काय सांगू? दात नाहीत म्हणू? पाया पडलेल्या बाईला?"

मला हसू आलं आणि ते दाबायला गेले तर रडू आलं. आक्का कढण घोट घोट पीत होत्या. "लिहिणार का तुझ्या वहीत?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. हा माझ्या धंद्यातला पहिला शब्द, जो मी कुणाला दिला.

"लिही. पण मी गेल्यावर. आणि दात घालून लिही."

गोष्ट मॅडमना सांगणं मात्र भाग होतं, तेही आक्कांना विचारूनच सांगितलं. मला वाटलं होतं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमने अवसाद लिखा था न? पूरा ग़लत भी नहीं था. जो औरत तीन महीने से किसी से बोली नहीं, वह उदास तो होगी ही. लेकिन पहले मुँह देखना था, फिर मन." मग त्यांनी पर्स उचलली. "चलो, दाँत वाले डॉक्टर को मैं जानती हूँ."

आक्कांना गल्ल्यांतून चालवणं शक्य नव्हतं, म्हणून रामघाटावरून नाव केली. काकूंना वाटलं, आक्का शेवटचं गंगादर्शन घ्यायला निघाल्यात. त्या घाटापर्यंत रडत आल्या. नावेत आक्कांनी मला तीनदा विचारलं, "काशीची हद्द ओलांडत नाही ना आपण?" मी म्हटलं, नाही. मल्लाह ऐकत होता. "माताजी, दाँत बनवाने जा रही हैं कि मोक्ष लेने?" तो म्हणाला. हे गुपित ठेवायचं आहे, हे मी त्याला सांगायला विसरले होते. आक्कांनी पदराआडून त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे मुकाट्यानं वल्हवत राहिला.

माप दिलं, पुन्हा एकदा बोलावलं, आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास नवी कवळी आली. तोपर्यंत अप्पांचं कढण, मऊ खिचडी आणि शिकरण चोरून वर जात होतं. आक्कांच्या मनगटावर जरा मांस दिसायला लागलं. काकू म्हणायच्या, तेज आलंय.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण आक्का कवळी डबीत ठेवून बसल्या. सकाळी घालायच्या, आरशात बघायच्या, जिन्यात पाऊल वाजलं की काढून ठेवायच्या. पुन्हा पदर, पुन्हा मौन. चौथ्या दिवशी मी न राहवून विचारलं, "आता काय अडचण आहे?"

"काशीत सोडलेलं परत धरत नाहीत," त्या म्हणाल्या. "खायला लागले तर व्रत मोडलं म्हणतील. खरं सांगितलं तर खोटारडी म्हणतील. तूच सांग, यातलं काय होऊ?"

आज इतक्या वर्षांनीसुद्धा, माणसाला खरं बोल असं सांगायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. मी एवढंच म्हणाले, "तुम्ही जेव्हा सांगाल तेव्हा मी तिथे बसेन. बाजूलाच."

गुरुजींकडे महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याची पंगत असे. स्वयंपाकाला अप्पा होते. बायकांची पंगत बसली तेव्हा आक्का आपणहून खाली आल्या आणि पाटावर बसल्या. मी बाजूला बसले. काकू लगबगीनं दुधाचा पेला घेऊन आल्या.

आक्कांनी पदर खाली केला. तोंडात दात होते, नवे, जरा जास्तच पांढरे. "दूध राहू दे," त्या म्हणाल्या. "भाकरी वाढ."

काकू पेला हातात धरून उभ्या. "आक्का, तुमचं व्रत..."

"व्रतबित काही नव्हतं. माझी कवळी गंगेत पडली होती. चावता येत नव्हतं. लाज वाटली म्हणून सोडलं म्हणाले. बत्तीस दातही माझे नव्हते. झालं सांगून."

दारात गुरुजी उभे होते, त्यांनी खाकरून विचारलं, "संकल्प सोडला होतात का आक्का? पाणी वगैरे?"

"नाही. नुसतंच म्हणाले."

"मग व्रत झालंच नव्हतं," गुरुजी म्हणाले. "मोडायचा प्रश्न कुठे येतो?" आणि ते आत निघून गेले.

पण काकूंचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे मी चार महिने तुमच्या पाया पडले ते...?"

"परत घे," आक्का म्हणाल्या, आणि पाटावरून उठून खरोखरच काकूंच्या पायाशी वाकायला लागल्या. काकू किंचाळून दोन पावलं मागे सरकल्या. हातातलं दूध माझ्या अंगावर सांडलं. "अहो आक्का, काय करता! पाप लावता का मला?" आणि एकदम त्यांना हसू फुटलं. मग पंगतीतली कुणीतरी म्हातारी हसली, मग सगळ्याच. हसता हसता दोघीतिघींनी पदर तोंडाला लावले. त्यातल्या किती जणींच्या तोंडात स्वतःचे दात होते, कोण जाणे.

केस स्टडीला मी शेवटी माझ्या आत्याला असलेली माकडांची भीती लिहिली. "बंदर से कौन नहीं डरता?" असा शेरा मॅडमनी लाल पेननं मारला आणि जेमतेम पास केलं. ज्या कामाबद्दल मला त्यांनी सर्वांत जास्त शिकवलं, त्याचे नंबर त्या देऊ शकत नव्हत्या, कारण ते मी वहीत लिहिलंच नव्हतं. याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

हा धडा मी कायमचा शिकले, असं म्हणायला आवडलं असतं. तसं झालं नाही. नोकरीच्या आठव्या वर्षी शाळेतली एक मुलगी रोज दुपारी डोकं दुखतं म्हणून घरी जायची. मी कित्येक आठवडे 'चिंता' लिहीत राहिले. शाळेच्या मुलींच्या संडासाला कडी नव्हती, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती, हे मला कळलं तेव्हा तिनं शाळा सोडलेली होती. कडी दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली. त्या मुलीला कडीचा काही उपयोग झाला नाही. तिची आठवण मी आजही काढते, कारण माझ्यासारखीच तीही तिच्या घरातली शिकणारी पहिली होती.

आक्का त्यानंतर सहा वर्षं जगल्या. काशीतच गेल्या, त्यांना हवं होतं तसं. अप्पा आणि मॅडमही आता नाहीत. या तिघांनी मला जे शिकवलं, त्यावर माझं सगळं काम उभं आहे, आणि तिघांपैकी एकालाही मी ते नीट सांगू शकले नाही. संकोच आडवा आला. म्हणून इथे लिहिते आहे.

त्या दिवशीच्या पंगतीचं एवढंच राहिलं. काकूंनी डोळे पुसत आक्कांच्या पानात भाकरी वाढली, वर झुणका. आक्कांनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश, एका बाजूनं चावायला लागल्या. आम्ही सगळ्या बघत होतो. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभे होते. आक्कांनी घास गिळला, जिभेनं नवे दात चाचपले आणि माझ्याकडे वळल्या.

"तुझ्या अप्पाला सांग," त्या सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "झुणक्याला तिखट कमी पडलंय."